तार रबराची होती

उत्तरायणाची संध्याकाळ होती. दिवसभर गच्चीत वर बघून बघून माना आखडलेल्या, बोटांना मांजाने कापलेलं त्यावर चिकटपट्ट्या, दुपारचं उंधियू आणि जलेबी अजून पोटात बसलेली, आणि अंधार पडल्यावर घरातली माणसं जिथे जागा मिळेल तिथे लवंडलेली. आठ वर्षांचा भाचा तेवढा जागा. आत्या काहीतरी लाव ना, म्हणून मागे लागला, त्याला घोडे आवडतात म्हणून मी 'वॉर हॉर्स' लावला. लावताना जरा विचार केला होता की पहिल्या महायुद्धाचा सिनेमा आहे, पण म्हटलं शेवट चांगला आहे, बघू दे. तो बघत राहिला. शेतातल्या नांगरणीला टाळ्या वाजवल्या, घोडा लष्करात विकला तेव्हा रागावला, आणि मग तो प्रसंग आला, रात्रीच्या अंधारात जोई, म्हणजे तोच घोडा, खंदकांमधून उधळत सुटतो, काटेरी तारेच्या कुंपणात शिरतो, खांबच्या खांब उपटत ओढत नेतो आणि शेवटी कोसळतो. भाच्याने माझा हात धरला. "आत्या, त्याला खरं-खरं वागलं?" आमच्याकडे बडोद्यात हे असंच चालतं, गुजराती 'वाग्युं', म्हणजे 'लागलं', त्याचं मराठी 'वागलं' होतं आणि कोणाला ते खटकत नाही. मी पटकन म्हणाले, "नाही रे राजा, खोटं आहे ते. तार रबराची आहे. आणि तो घोडा पण मधेमधे मशीनचा आहे."

त्याने हात सोडला. चेहरा एकदम सैल झाला, आणि तो उठून चिक्की आणायला गेला.

पुढचा सिनेमा त्याने चिक्की खात, माझ्या मांडीवर पाय टाकून, मजेत बघितला. मला मात्र त्या रात्री झोप लागेना. मी जे सांगितलं ते खरंच होतं. त्या प्रसंगासाठी रबरी तार वापरली होती, काही शॉट्सना यांत्रिक घोडा होता, तिथे घोड्याला इजा होऊ दिलेली नव्हती, आणि ते तसंच व्हायला पाहिजे, त्याबद्दल माझं दुमत नाही. तरी मला वाटत राहिलं की मी त्याच्या हातातून काहीतरी काढून घेतलं. त्याचा हात माझ्या हातात होता तोपर्यंत तो त्या घोड्याबरोबर तारेत होता. माझ्या एका वाक्याने तो बाहेर आला आणि परत आत गेलाच नाही. आणि मग तिथे अंधारात पडल्या पडल्या मला दुसरा जोई आठवला, वेताचा, जाळीच्या कापडाचा, ज्याच्या पोटातून माणसांचे पाय दिसत होते. तो तर पहिल्या सेकंदापासून खोटा होता. आणि त्याला लागलं का, हे विचारायचं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

ह्याच गोष्टीचं नाटकही आहे, ते मी २०१२ साली बघितलं, मावसबहिणीकडे लंडनला गेले होते तेव्हा. ड्रुरी लेनवरचं न्यू लंडन थिएटर, वरच्या मजल्यावरच्या स्वस्त जागा, बाहेर पाऊस, आमचे कोट ओले. सिनेमा मी त्याआधीच बघितला होता, इथेच घरी, लॅपटॉपवर, आणि भरपूर रडून झालं होतं, त्यामुळे गोष्ट माहीतच होती आणि नाटकाबद्दल फार उत्सुकता नव्हती. खरं तर बहिणीने तिकिटं काढली म्हणून गेले. स्टेजवर फारसं काही नव्हतं. मागे एक लांबलचक पांढरा पट्टा, वहीचं पान टरकावून काढावं तसा, त्यावर पेन्सिलीची रेखाटनं उमटायची, शेतं, गाव, नंतर तोफा. एक माणूस गाणं म्हणत फिरायचा. एक चाकावरचं बदक होतं, म्हणजे हंस जातीचं ते मोठं बदक, ते दर वेळी घरात घुसायला बघायचं आणि दार त्याच्या तोंडावर बंद व्हायचं, आणि सगळं थिएटर हसायचं. आणि शिंगरू आलं. लहानसं, काटकुळं, तीन माणसांनी धरलेलं, पाय कुठे टाकावा ते न समजणारं. पहिली दोन मिनिटं मी त्या तीन माणसांकडे बघत होते, कोण काय हलवतो ते शोधत होते. मग शिंगराने एक कान माझ्या दिशेला वळवला, अर्थात माझ्या दिशेला नसेल, पण मला तसं वाटलं, आणि ती तिघं दिसेनाशी झाली. समोरच होती. पण दिसेनाशी झाली.

मग तो प्रसंग, ज्याच्याबद्दल मी नंतर कितीतरी जणांना हातवारे करून सांगितलंय आणि एकदाही धड सांगता आलेलं नाही. शिंगरू धावतंय, आणि धावता धावता त्याचे भाग सुटतात, माणसं त्याला घेऊन अंधारात बाजूला होतात, आणि त्याच जागेतून मोठा जोई पुढचे पाय उचलून समोर येतो. एका क्षणात शिंगराचा घोडा. अंगावर काटा म्हणतात तो मला हातापासून मानेपर्यंत आला. सिनेमात हेच वाढणं बघितलं होतं, त्यासाठी किती मेहनत घेतली होती त्यांनी, एकट्या जोईसाठी वेगवेगळ्या वयाचे १४ घोडे वापरले, शिंगरं, वाढता घोडा, पूर्ण वाढलेले. कुठून कोणता बदलला ते कळत नाही इतकं सफाईदार. पण कळत नाही म्हणूनच कदाचित तिथे काही घडल्यासारखं वाटत नाही. नाटकात सगळं आपल्या डोळ्यांसमोर मोडतात आणि डोळ्यांसमोर जोडतात, आणि मधली जी रिकामी जागा आहे ती आपण भरतो. ती आपण भरलेली असते म्हणून तो घोडा थोडासा आपला होतो.

हे घोडे केपटाऊनच्या हँडस्प्रिंग पपेट कंपनीने केले, ॲड्रियन कोहलर आणि बेसिल जोन्स ह्या दोघांची कंपनी. वेताचा सांगाडा, त्यावर पारदर्शक जाळीदार कापड, चामड्याचे कान. वर माणूस बसू शकतो इतका मजबूत. २००७ साली लंडनच्या नॅशनल थिएटरने ते नाटक केलं तेव्हा मायकेल मॉर्पर्गोची मूळ कादंबरी २५ वर्षांची झाली होती, आणि त्या कादंबरीत तर घोडा स्वतःच गोष्ट सांगतो. नाटकवाल्यांनी त्याचं बोलणं काढून टाकलं. एक माणूस डोक्यापाशी बाहेर उभा, एक आत छातीत, एक आत मागच्या पायांत. त्यांच्या भाषेत डोकं, काळीज आणि मागचा भाग. काळजाच्या माणसाकडे पुढचे पाय आणि श्वास. खिंकाळी तिघांनी मिळून काढायची, कारण एका माणसाच्या छातीत घोड्याएवढी हवा मावत नाही. हे मला नंतर वाचून कळलं, पण बघताना जे कळलं होतं ते हेच होतं, की तो घोडा उभा असतानासुद्धा उभा नसतो. जोई नुसता बाजूला उभा असायचा, दुसरीकडे बाप-लेकाचं भांडण चाललेलं, आणि माझं लक्ष त्याच्या पोटाकडे. वर. खाली. वर. खाली. एकदाही थांबलं नाही.

हँडस्प्रिंगची ही जोडी म्हणते त्याचा मतलब असा की नटाला रंगमंचावर मरायला कष्ट पडतात, बाहुलीला जगायला. मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसले. कारण त्या नाटकात टॉपथॉर्न मरतो, जोईचा जोडीदार, तो काळा उंच घोडा, आणि तो मरतो तेव्हा बाकी काहीच होत नाही, संगीत नाही, किंकाळी नाही, फक्त आतली माणसं त्याला सोडून बाहेर येतात. हळूच. उठतात आणि मागे सरतात, आणि खाली वेत आणि कापड उरतं. माझ्या शेजारी एक वयस्क इंग्रज गृहस्थ होते, त्यांनी तोंडावर हात ठेवला. मला माझे वडील आठवले, शेवटच्या दिवशी नर्सने त्यांच्या नाकातली नळी काढली आणि मागे सरली, ते मागे सरणं. इतकी वर्षं मी ते कशाशी जोडून बघितलं नव्हतं. सिनेमातला टॉपथॉर्नही थकून चिखलात मरतो, जोई त्याला नाकाने ढोसत राहतो, आणि मी तिथेही रडले होतेच. पण तिथे रडताना मनाच्या एका कोपऱ्यात मला माहीत होतं की हा घोडा शिकवलेला आहे, सांगितल्यावर पडतो, शॉट झाला की उठून गाजर खातो. बरंय की खातो. पण मग मी रडते कोणासाठी?

सिनेमाला मी कमी लेखत नाही, हे सांगायला पाहिजे, कारण मागे एकदा ह्यावर बोलताना मैत्रीण म्हणाली की तुम्हा नाटकवाल्यांना सिनेमा म्हटलं की नाक मुरडायचंच असतं. तसं नाही. स्पीलबर्गने नाटक बघून मग २०११ मध्ये सिनेमा काढला, आणि त्यात दोन जागा अशा आहेत की त्या मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. एक, घोडदळाचा हल्ला. उंच गवतातून घोडेस्वार दौडत निघतात, तलवारी पुढे, आणि समोर झाडीत मशीनगन्स लावलेल्या. पुढे आपल्याला माणसं पडताना दिसत नाहीत. दिसतात ते मोकळ्या खोगिरांचे घोडे, एकामागून एक मशीनगन्सवरून उड्या मारत जाणारे. बस, तेवढंच. दुसरी, पळून आलेल्या दोन जर्मन भावांना गोळ्या घालतात ती. पवनचक्कीचं पातं नेमकं समोरून फिरतं, पातं पुढे जातं तेव्हा दोघं जमिनीवर. आता हे दोन्ही बघा, दोन्ही ठिकाणी त्याने दाखवायचं थांबवलंय. कोट्यवधी रुपये आणि शेकडो घोडे हाताशी असताना त्याने तिथे एक पातं आडवं घातलं. त्या क्षणाला सिनेमा नाटकासारखा झाला असं मी म्हणेन, माझ्यापुरतं. आणि जिथे त्याने सगळंच दाखवलं, शेवटचं ते नारिंगी आभाळ, घोड्याची काळी आकृती, आईबापांची मिठी, तिथे मी कोरडी राहिले. इतकं सुंदर आभाळ बघून मला आभाळच दिसलं.

पण ती तारेची जागा. ती दोन्हीकडे आहे. दोन सैन्यांच्या मधल्या, कोणाच्याच नसलेल्या जमिनीवर घोडा अडकलाय, आणि पांढरं फडकं घेऊन एक इंग्रज शिपाई येतो, समोरून एक जर्मन. सिनेमात जर्मन मागे वळून खंदकाकडे कटर मागतो आणि खंदकातून एक नाही, पाच नाही, कटरचा पाऊसच पडतो. ही कल्पना किती छान आहे, म्हणजे दिवसभर एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या सगळ्यांच्याच हातात ते कटर तयार होतं आणि कोणीतरी मागायची वाट होती. नाटकात ती तार घोड्याभोवती असते तेव्हा आत माणसं आहेत हे आपल्याला दिसत असतं, घोडा ओढ घेतो तेव्हा त्यांच्या पाठी वाकतात, घोडा दमतो तेव्हा ती दमलेली असतात, खरी दमलेली, खरा घाम. पन्नास-पंचावन्न किलोचा तो सांगाडा घेऊन दीड-दोन तास ती खांद्यावर वागवतायत. म्हणून मला विचारावंसं वाटलं नाही की खरंच लागलं का. लागणं कुठे चाललंय ते समोर दिसत होतं. वेदना घोड्याची, अंग माणसाचं.

आणि हे मी आधी कुठेतरी बघितलंय, हे तेव्हाही वाटलं होतं, ड्रुरी लेनवरून पावसात चालताना. कुठे, ते आठवायला बडोद्याला परत यावं लागलं.

आम्ही चौथी-पाचवीत असताना दांडिया बाजारातून शाळेत टांग्याने जायचो, सहा मुली आणि दप्तरं. टांगेवाले चाचा आणि त्यांची घोडी. घोडी तांबूस होती, चारी पाय खाली पांढरे आणि कपाळावर पांढरा ठिपका. चाचांनी आम्हाला शिकवलं होतं की अशा घोड्याला पंचकल्याणी म्हणतात, शुभ असतो, पूर्वी राजेलोक शोधून घ्यायचे. घरी येऊन बाबांना विचारलं तर बाबा म्हणाले बरोबर आहे, मराठीतही पंचकल्याणीच. तेव्हापासून आम्ही सहाजणी स्वतःला राजाच्या टांग्यातल्या समजायचो. पुढे जोईचे चारी पाय पांढरे आणि कपाळावरची खूण बघितली तेव्हा पहिला शब्द मनात तोच आला. मला अजून त्या टांग्याचा वास आठवतो, तोबऱ्यातल्या भिजवलेल्या चंदीचा आंबूस, चामड्याला लावलेल्या तेलाचा, आणि लिदीचा, जो मला कधीच घाण वाटला नाही. सकाळी लवकर पोचलो तर चाचा खरारा करत असायचे, आणि घोडी डोळे अर्धे मिटून मान त्यांच्या खांद्यावर टाकायची, सगळं वजन टाकायची, आणि ते एका हाताने ते वजन पेलून दुसऱ्या हाताने खरारा चालू ठेवायचे. बोलायचे काहीच नाहीत. जिभेने टाळूवर चट्-चट् असा आवाज, आणि मधून एक लांब 'हो...'

एका पावसाळ्यात रावपुऱ्याच्या रस्त्यावर ती घसरली. डांबर ओलं, त्यावर कोणाच्या तरी गाडीचं तेल सांडलेलं. पुढचे दोन्ही पाय गेले, टांगा पुढे झुकला, आम्ही किंचाळत एकमेकींवर पडलो. कोणालाच काही झालं नाही. आम्हाला उतरवून एका दुकानाच्या ओट्यावर उभं केलं. घोडी जुंपलेल्या अवस्थेतच पडली होती, दांड्यांमध्ये अडकलेली, डोळ्यांचं पांढरं दिसत होतं, आणि ती उठायला पाय झाडायची आणि पुन्हा घसरायची. लोक जमले. कोणी म्हणे शेपूट ओढा, कोणी म्हणे चाबूक मारा म्हणजे उठेल. चाचांनी चाबूक लांब फेकला. मग ते त्या चिखलात, भर रस्त्यात, तिच्या मानेवर गाल टेकून आडवे झाले. अक्षरशः आडवे. मला त्यांची पाठ दिसत होती, भिजलेला शर्ट पाठीला चिकटलेला, आणि तिचं पोट, आणि आधी ते पोट भराभर हलत होतं आणि पाठ हळूहळू, आणि मग किती वेळाने कोण जाणे, दोन्ही बरोबर हलायला लागली. पाठ आणि पोट. तेव्हा त्यांनी पट्टे सोडवायला सांगितलं. पट्टे सुटले आणि ती एका झटक्यात उभी राहिली, गुडघ्यावर रक्त, अंगभर थरथर.

माझ्या दोन मैत्रिणींनी डोळे झाकले होते. मी झाकले नव्हते.

त्या मागच्या काही वर्षांत रिक्षा वाढतच होत्या. एका जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि दाराशी टांगा आला नाही, रिक्षा आली, त्यात आठ मुली बसत. मी चाचांबद्दल विचारलं नाही. घोडीबद्दल विचारलं नाही. नवीन रिक्षाला पडदे होते, आतमध्ये गाणी लावायचे, मी खूश होते. ही गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही, इतकी छोटी आहे की सांगायचं काय त्यात. पण कादंबरीच्या, नाटकाच्या, सिनेमाच्या सगळ्या गोष्टीचा गाभा काय आहे, तर एक पोरगा आपल्या घोड्याला शोधत युद्धावर जातो. मी घरापासून चार गल्ल्यांवरच्या तबेल्यात गेले नाही.

त्या युद्धात नुसत्या ब्रिटनमधून सुमारे दहा लाख घोडे गेले असं सांगतात, आणि परत आले ते सुमारे ६२ हजार. मेले ते मेलेच, पण उरलेले कित्येक तिथेच विकले, कसायाला, शेतकऱ्याला, दगडाच्या खाणीत. कैरोमध्ये तर लढाईवरून आलेले घोडे गाड्या ओढता ओढता म्हातारे झाले. १९३० साली डोरोथी ब्रूक नावाची एक इंग्रज बाई तिथे गेली आणि तिला रस्त्यावर हे घोडे दिसले, हाडं वर आलेली, काही आंधळे. तिने इंग्लंडच्या पेपरला पत्र लिहिलं, लोकांनी पैसे पाठवले, आणि तिने तीन वर्षांत पाच हजार घोडे विकत घेतले. त्यातले बहुतेक इतके खचलेले होते की त्यांना शांतपणे मरण देण्यापलीकडे काही करता आलं नाही. त्याआधी दोन दिवस चारा, पाणी, सावली. लढाई संपून बारा वर्षं झाली होती. मी ह्या बाईचा विचार खूप करते. तिने जाऊन विचारलं.

आपल्याकडच्या घोड्यांचं काय, असंही मनात येतं. जोधपूर आणि म्हैसूरच्या घोडदळाने २३ सप्टेंबर १९१८ ला हैफा घेतलं, भाले घेऊन, समोर मशीनगन्स असताना, ते आपण अभिमानाने सांगतो, दिल्लीला तीन पुतळे आहेत. पुतळे माणसांचे आहेत. बडोद्यात मात्र उलटं झालंय, बघा. कमाटी बागेच्या समोर सयाजीराव महाराजांचा घोड्यावरचा पुतळा आहे, पण इथे कोणी 'महाराजांचा पुतळा' म्हणत नाही. रिक्षावाल्याला सांगायचं, काळा घोडा. बस थांबते काळा घोड्याला. मैत्रिणीची वाट बघायची तर काळा घोड्यापाशी. लहानपणी मला कितीतरी दिवस माहीतच नव्हतं की वर कोणी बसलंय. तो पुतळा फ्रान्सिस डर्वेंट वुड ह्या इंग्रज शिल्पकाराने केला, आणि पुढे ह्याच माणसाने पहिल्या महायुद्धात काय केलं तर लंडनच्या लष्करी हॉस्पिटलात, ज्या शिपायांचे चेहरे गोळ्यांनी उडाले होते त्यांच्यासाठी धातूच्या पातळ पत्र्याचे मुखवटे बनवले. जुने फोटो मागवून त्यावरून नाक, गाल, पापण्या, मग त्या माणसाच्या कातडीचा रंग. शिपाई त्या खोलीला पत्र्याच्या नाकांचं दुकान म्हणायचे. मला हे कळलं त्या दिवशी मी मुद्दाम काळा घोड्यापर्यंत चालत गेले आणि बराच वेळ उभी राहिले, ट्रॅफिकमध्ये, हॉर्नच्या आवाजात. तो मुखवटा खोटा आहे हे घालणाऱ्याला माहीत, बघणाऱ्याला माहीत. तरी तो घालून माणूस आगगाडीत बसू शकत होता. पोराला जवळ घेऊ शकत होता.

आपण ज्याला खोटं म्हणतो ते सगळं एकाच जातीचं नसतं, एवढंच मला म्हणायचंय. छोटा उदेपूरकडे राठवा लोकांच्या घरात पिठोरा काढतात, आमच्यापासून शंभर-एक किलोमीटरवर. भिंत भरून घोडे. नवस फेडायला काढतात, आणि काढून झाल्यावर बडवो, म्हणजे त्यांचा पुजारी, येऊन ते बघतो, कोणता घोडा कोणाचा, सगळे आलेत की नाही. मी तेजगढला गेले होते तेव्हा असा एक पिठोरा एका घरात बघितला, ओसरी आणि चुलीच्या मधल्या भिंतीवर. घरातली म्हातारी त्या भिंतीसमोरून जाताना पदर सावरत होती. तिला कोणी सांगेल का की आजी, हा रंग आहे? तिला माहीतच आहे की रंग आहे. आणि घोडेही आलेले आहेत.

मग मी भाच्याला असं का सांगितलं? त्याचा हात घट्ट झाला, ते मला सहन झालं नाही म्हणून. त्याची भीती घालवायची होती असं मी स्वतःला सांगत होते, पण घाई माझी होती. रावपुऱ्यात ओट्यावर मी डोळे उघडे ठेवले होते, तेव्हा कोणी मला सांगितलं नव्हतं की घोडीला काही होत नाहीये. बरं झालं नाही सांगितलं. नाहीतर ती पाठ आणि ते पोट मला दिसलंच नसतं.

दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायण. सकाळी सातलाच शेजारच्या गच्च्यांवरून स्पीकर सुरू, 'काप्यो छे'चा ओरडा सुरू. भाचा सगळ्यांच्या आधी वर गेला होता आणि दोन मिनिटांत धावत खाली आला, आत्या चल, लवकर चल. आमच्या आणि शेजारच्या काकांच्या गच्चीच्या मधून केबलची जुनी वायर जाते, तिला कापलेल्या पतंगांचा मांजा अडकून लोंबत होता, आणि त्यात एक कबूतर. एक पंख वर ताणलेला, दुसरा फडफडत, उलटं टांगलेलं. फडफडलं की दोरा अजून रुतायचा. शेजारच्या काकांशी आमचं पाच वर्षं बोलणं नाही, भिंतीवरून झालं होतं, कोणाची चूक ते आता सोडा. भाऊ कठड्यावर चढून हात पोचतो का बघत होता, पोचत नव्हता. काका त्यांच्या बाजूने आले, काही न बोलता त्यांनी वायर काठीने आमच्या बाजूला ढकलली आणि तशीच धरून ठेवली. भाऊ ओरडला, "कातर! कोणीतरी कातर द्या!" आणि काकांच्या गच्चीतून त्यांच्या सुनेने एक कातर फेकली, मागच्या गच्चीतल्या कॉलेजच्या पोरांनी एक फेकली, कोणीतरी नेलकटर फेकला, तो माझ्या पायाशी येऊन पडला.

दोरा तोडायला वेळ लागला. पंखाच्या मुळाशी पार आत गेला होता, पिसं बाजूला करत एकेक वेढा कापावा लागला, आणि तेवढा वेळ काकांचा हात काठीवर स्थिर होता. सगळ्या गच्च्यांवर स्पीकर चालूच होते, पण आमच्या आसपासच्या फिरक्या थांबल्या होत्या. कबूतर हातात आलं तेव्हा भावाच्या मनगटावर रक्त होतं, त्याचं की कबुतराचं कळेना. जखमी पक्ष्यांसाठी काम करणाऱ्या करुणा अभियानवाल्यांना फोन लावला, ते म्हणाले माणूस पाठवतो, तोपर्यंत खोक्यात अंधारात ठेवा, पाणी वगैरे तोंडात घालू नका. बुटांचं खोकं रिकामं केलं, भोकं पाडली, खाली माझी जुनी सुती ओढणी. काका वरूनच म्हणाले, "झाकण पूरं बंद नका करू." पाच वर्षांतलं पहिलं वाक्य. भाऊ "हो" म्हणाला.

खोकं जिन्याच्या कोपऱ्यात ठेवलं, ऊन येत नाही तिथे. सगळे परत पतंगांकडे गेले. मी खाली हात धुऊन वर आले तर भाचा खोक्याशेजारी पालथा झोपलेला, हनुवटी फरशीवर, एक डोळा झाकणाच्या फटीला. त्याने मला काही विचारलं नाही. वागलं का, खरं का, जगेल का, काहीच नाही. मी पण काही सांगितलं नाही, त्याच्या शेजारी पायरीवर बसले. आत कबुतराची छाती भराभर उडत होती, ओढणीची कड तेवढी हलताना दिसत होती. भाच्याचा टी-शर्ट पाठीवर हलत होता, आधी तोही भराभर, मग जरा कमी. मी किती वेळ बघत बसले माहीत नाही. खाली बेल वाजली, वहिनीने दार उघडलं, कोणीतरी विचारत होतं कबूतर कुठे आहे म्हणून. मी उठून वरूनच सांगायला लागले की वर या, इथे जिन्यात, तर भाच्याने मान न वळवता माझा पाय धरला.

"आत्या, हळू बोल ना. आत्ताच त्याचा श्वास जरा सावकाश झालाय."